खिडकीच्या गजाला बांधलेला हिरवा पट्टा

अण्णा,

तुम्ही गेल्यावर तुमच्या पुण्यानुमोदनाला माझ्या हातात माईक दिला तेव्हा मी खोटं बोललो. "वडिलांची सेवा करायची संधी मला मिळाली," एवढं एकच वाक्य. पुढचं सुचेना म्हणून गप्प राहिलो, तर लोकांना वाटलं, कंठ दाटला. पुढच्या रांगेतल्या शांताआत्यानं पदर डोळ्याला लावला. माझ्यानंतर आपले शाळेचे जुने गुरुजी उठले आणि म्हणाले, "आजच्या काळात बापाचे पाय हातात धरून व्यायाम करून घेणारा मुलगा मिळायचा नाही. पोरांनो, विलासकडून शिका." माना डोलल्या. मग जेवणं झाली. पंगतीत मी खीर खात होतो आणि मला किळस येत होती. खिरीची नाही, ज्या हातानं ती खात होतो त्या हाताची.

तुमचा जन्म, तुमची नोकरी, तुमचा मनमिळाऊ स्वभाव, हे सगळं त्या दिवशी इतरांनी सांगून झालं. पौड रस्त्याचे खड्डे बुजवत मैलकुलीची नोकरी कशी काढलीत, गावातल्या विहाराची शहाबादी फरशी सुट्टीच्या दिवसांत स्वतः कशी बसवलीत, तेही झालं. ते मी पुन्हा सांगत नाही. मला त्या रबरी पट्ट्याबद्दल बोलायचंय. तिथं कुणी त्याचं नाव काढलं नाही, कारण त्याच्याबद्दल बोलण्यासारखं माहीत असलेला मी एकटाच होतो आणि मी खीर खात होतो.

पट्टा अजून भुकूमच्या फ्लॅटमध्ये तुमच्या खोलीच्या खिडकीला, खालच्या गजाला बांधलेला आहे. हिरवा. ताणून ताणून मधे फिकट झालाय, आणि गाठीजवळ तुमच्या पोटरीचे पांढरे केस चिकटलेत. खोलीत शिरलं की रबराचा, त्यावरच्या पावडरीचा आणि तुमच्या बामचा वास येतो. मंदा म्हणते, "काढा तो, नाहीतर मी काढते." मी म्हणतो, राहू दे. तिला वाटतं, ही माया आहे. ही माया नाही, मंदा. एखाद्याच्या नाकासमोर त्यानं केलेली घाण धरावी, तसा मी तो धरलाय. माझ्याच नाकासमोर.

डेंग्यूतून तुम्ही वाचलात, पण अंथरुणातून उठलात ते निम्मेच. पुढून पाहिलं तर तेच अण्णा, मागून पाहिलं तर पायजमा नुसता लोंबत होता. खुर्चीतून उठायचात, पण जमिनीवर बसलात की कुणाच्या हाताशिवाय उठता येईना. आणि तुम्हाला जमिनीवरूनच उठायचं होतं. विहारात पावसाळ्यातलं वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू होतं, त्याच्या समारोपाला, अश्विनी पौर्णिमेला, तुम्हाला फरशीवर बसून वंदना घ्यायची होती आणि आपल्या पायांनी उठायचं होतं. मी म्हणालो, म्हातारी माणसं मागं खुर्च्या टाकून बसतात, त्यात काय कमीपणा? मी फोल्डिंगची खुर्चीही आणली. तुम्ही तिच्याकडे असं पाहिलंत की जणू मी तिरडी आणलीय.

"ती फरशी मी बसावलीया. तिच्यावं मीच खुर्ची टाकून बसू?"

"अहो अण्णा, मूर्तीला काय फरक पडतो?"

"मूर्तीला न्हाई पडत. मला पडतुया."

हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. ती खुर्ची गॅलरीत आहे. तिच्यावर मंदा पापड वाळत घालते.

तर मग फिजिओ मॅडम आल्या, सूसहून स्कूटीवर. जेमतेम तुमच्या नातीच्या, श्वेताच्या वयाच्या. तुम्हाला पालथं केलं, उताणं केलं, कुशीवर वळवलं आणि म्हणाल्या, "आजोबा, गुडघे मस्त आहेत तुमचे. मागची गँग झोपलीये. मांडीच्या मागचा स्नायू आणि हा बसायचा. उठताना हेच दोघं माणसाला ढकलतात."

गँग म्हणजे तुमच्या रस्त्याच्या कामावरचा शब्द, तुम्ही खुललात. "गँग झोपली म्हंजी मुकादम बी झोपला आसंल. त्येला उठवा आदी."

मॅडमनी तुमच्या मांड्यांना गुडघ्यांच्या वर पिवळा, म्हणजे सगळ्यात हलका पट्टा अडकवला. उताणं झोपायचं, पाय दुमडायचे, पट्टा ताणून गुडघे बाहेर धरायचे आणि कंबर उचलून पूल करायचा. मग कुशीवर होऊन वरचा गुडघा उघडायचा, शिंपला उघडावा तसा. मग पालथं होऊन, गजाला बांधलेला पट्टा टाचेला अडकवून टाच मागं ओढायची. पहिलाच पूल उचलताना तुम्ही पादलात, चांगलं मोठ्यानं. मी भिंतीकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, "मॅडम, गँग जागी झाली!" आणि ती मुलगी पोट धरून हसली. तुम्हीही. माझ्या अंगावर मात्र शहारा आला. हसण्यासारखंच होतं ते. आज आठवून मला हसू येतं आणि मग त्या हसण्याचीही किळस येते, कारण ते तेव्हा यायला हवं होतं.

मग मॅडमनी मला बोलावलं. "काका, हे तुम्ही शिकून घ्या, मी रोज येणार नाही. पूल उचलला की इथं दोन बोटं दाबून बघायची." त्यांनी तुमच्या पुठ्ठ्यावर बोटं दाबली. परक्या मुलीनं, सहज, कणीक मळून झाली का बघतात तशी. "हा घट्ट व्हायला हवा. हा झोपलेला राहिला तर माणूस कंबरेनं ओढतो. मग पट्टा जड करायचा नाही, नाहीतर लागेल. आणि हे नुसतं बघून कळत नाही हं, हात लावूनच कळतं. आता लावा."

मी म्हणालो, "समजलं."

तुम्ही खालून म्हणालात, "आरं, लाव की. म्हातारा चावतुया व्हय? बैल घ्येताना दात समदेच बगत्यात. पुठ्ठ्यावं थाप मारून बगतो त्यो खरा गिऱ्हाईक."

मी बोटं टेकवल्यासारखं केलं. पायजम्याच्या कापडाला लागली असतील. "समजलं, समजलं," म्हणालो.

आता सरळ लिहितो. मला तुमच्या शरीराची किळस यायची. सैल पडलेल्या कातडीची, पायजम्यावरच्या थेंबाच्या डागाची, कंबर उचलताना तुमच्या तोंडातून निघणाऱ्या आवाजाची. बाप म्हणून तुमच्यावर राग नव्हता, जुनं काही खुपत नव्हतं. तसं काही असतं तर निदान कारण तरी सांगता आलं असतं. नुसती किळस. मी पुढं बसून आकडे मोजायचो, पट्टा लांबून फेकल्यासारखा द्यायचो, "छान, छान" म्हणायचो. गुरुजींनी ज्याचं कौतुक केलं ती सेवा ही एवढी.

पुढच्या आठवड्यात मॅडम व्हिडिओवर आल्या. मी फोन टेबलावर अशा बेतानं ठेवला की तुमचा चेहरा आणि गुडघे दिसावेत, मागचं दिसू नये. तुम्ही पूल उचललात.

"काका, हात लावून बघा. होतंय का घट्ट?"

माझा हात माझ्याच मांडीवर होता.

"हो. होतंय."

"मस्त! मग लाल सुरू करू."

तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलंत. हात लागला की नाही हे ज्याला नक्की माहीत होतं असा जगात एकच माणूस होता, आणि तो गप्प बसला.

पुढं तुम्ही त्याची गंमतच केलीत. लाल पट्टा आला तेव्हा सोसायटीच्या वॉचमनला सांगितलंत, "मैलकुलीला बढती झाली." मग हिरवा आला. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. हिरव्यानंतर कुठला, असं तुम्ही मॅडमना विचारलंत. त्या म्हणाल्या, निळा. तुम्ही टाळी वाजवलीत. "आपला रंग! निळ्यापतूर जायाचंच मग. समारोप झाला की निळा घ्येणार." मी ऑनलाइन मागवूनही ठेवला. तो कपाटात आहे, पाकीट न फोडलेला. तुमच्या सगळ्या बढत्या खोट्या होत्या अण्णा. आयुष्यभर तुमच्या साहेबांनी तुम्हाला खोटी बढती कधी दिली नाही. ती मी दिली.

एक दुपार मला सोडत नाही. मॅडमचा फोन नव्हता. तुम्ही हिरव्या पट्ट्यात पूल उचललात आणि मधेच खाली टेकलात.

"इलास, येकदा खराच हात लावून बग. मागं काय हाय का न्हाई त्येच कळंना. नुसती कंबरच बोलती."

"सुरुवातीला दुखणारच. मॅडम म्हणाल्यात."

"दुकण्याचं न्हाई इचारत. हात लाव म्हंतुया."

"मंदाला बोलावू का?"

"सुनंला? लाज हाय का तुला?"

तुम्ही छताकडे बघत पडून राहिलात. मग हसलात. रागानं म्हणाला असतात तर बरं झालं असतं.

"शिवाशिव पाळतुयास व्हय रं, बापाची?"

"काहीही काय बोलता अण्णा!" म्हणत मी चहा टाकायला गेलो. आणि ओट्याशी जाऊन पहिलं काम काय केलं? हात धुतले. कशालाही न लागलेले हात, साबण लावून, मनगटापर्यंत धुतले. चहाचं आधण उकळून वर आलं तरी मी धूतच होतो.

लहानपणी पाटलाच्या बैलांमागं हिंडायचात तेव्हाचं तुम्ही सांगायचात. दुपारी त्यांच्या परसात ताक मिळायचं. तुम्ही ओंजळ धरायची, पाटलीणबाई वरून धार धरायची. तुम्ही कधी तिला शिवी दिली नाहीत. "बाई वंगाळ नव्हती," म्हणायचात. "ताक मायंदाळ वाढायची. फक्त वरनं." ते "फक्त वरनं" मी उचललं. एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमांत माझ्या भाषणात ते हमखास असतं. एकदा एका कॉलेजात त्यावर मुली रडल्या होत्या. संयोजकांनी मला शाल दिली आणि घरी येऊन मी ती तुमच्या खांद्यावर घातली, लांबूनच, फेकल्यासारखी. त्या माझ्या भाषणाची आता मला ओकारी येते. मी तुम्हाला काय कमी दिलं? भुकूममध्ये खोली, फिजिओ, पट्टे, दूध, फळं, सगळं मायंदाळ वाढलं. फक्त वरनं.

आणि तुम्ही? मी शाळेत होतो तेव्हा तुम्ही संध्याकाळी कामावरून यायचात, कोपरापर्यंत डांबर. मी धावत यायचो, तर दोन्ही हात वर धरायचात, पोलिसानं बंदूक रोखल्यासारखे. "शर्टाला लागंल, शर्टाला लागंल!" आणि मग हात तसेच वर ठेवून नुसत्या कोपरांनी मला छातीशी दाबायचात. हाडं टोचायची तुमची. डांबराचा वास यायचा. मला जवळ घेताना तुम्ही हात लावला नाहीत तो माझ्या शर्टासाठी. त्या धुवट पांढऱ्या शर्टावर मी आज ऑफिसात बसतो, फ्लॅटचे हप्ते भरतो, भाषणं करतो. हे तरी मला माईकवर सांगता आलं असतं. तेही नाही सांगितलं.

पौर्णिमेला आपण गावी गेलो. विहार भरलेलं. तुम्ही पांढराशुभ्र सदरा घातलेला, तुमच्याच फरशीवर मांडी घालून बसलात, पुढच्या रांगेत. वंदना झाली. सगळे उठले. तुम्ही कपाळ टेकवून प्रणाम केलात, मग एक गुडघा उभा केलात, मॅडमनी शिकवलं तसं. दोघं-तिघं हात द्यायला पुढं झाले. तुम्ही त्यांना थोपवलंत.

"कुणी हात लावायचा न्हाई! आमी बढतीवाली मानसं हाय."

लोक हसले. मी तुमच्या अगदी शेजारी होतो. आणि मला हायसं वाटलं अण्णा. माझ्यावर हात द्यायची वेळ आली नाही म्हणून हायसं. तेवढ्यात तुमच्या कंबरेत कळ आली. ती कळ मी तुमच्या चेहऱ्यावर पाहिली. मागून ढकलणारं कुणी नव्हतंच, गँग झोपलेलीच होती, सगळा भार कंबरेनं ओढलेला. तुम्ही मागं गेलात आणि फरशीवर आदळलात. तुम्ही बसवलेली फरशी. एक सांधा वर-खाली नाही तिचा.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग छातीत कफ भरला. दवाखान्यात तुम्हाला कुशीवर करायला एक माणूस यायचा, बिहारकडचा. तो म्हणायचा, "साहब, इधर से पकडो जरा." मी पकडायचो. चादर पकडायचो. तो थेट तुमच्या काखेत हात घालायचा, पाठीखाली घालायचा, "चलो बाबा, हो गया बाबा," म्हणत पुसायचा. त्याला तुम्ही एकदा म्हणालात, "तुजा हात गरम हाय रं." त्याला मराठी कळलं नाही. मला कळलं.

डॉक्टर म्हणाले, या वयात हाडं अशीच असतात, कुठंही पडले असते. असेल. मी त्या वाक्याच्या आड बसून पाहिलं. बसता येत नाही.

तुम्ही गेल्याचं कळवायला मॅडमना फोन केला, तेव्हा त्या रडल्या. "काका, मला खरंच कळत नाही. हिरव्यापर्यंत किती छान गेले होते. तुम्ही चेक करत होतात ना?" मी म्हणालो, "हो." तुम्हाला जाळून आल्यावरही मी "हो" म्हणालो. मग त्या म्हणाल्या, "आजोबा मला सांगायचे, पोराचा हात लागला की जोर येतो."

म्हणजे तुम्हीही खोटं बोललात. माझं झाकायला. यासाठी मला तुमचा राग येतो, खरंच येतो. रस्त्यावर डांबर कमी पडलं तर ठेकेदाराला चारचौघांत सुनावणारा माणूस तुम्ही. एक वाक्य बोलायचं होतं, मॅडम, ह्येचा हात लागत न्हाई. मला लाज वाटली असती, मी चिडलो असतो, दोन दिवस बोललो नसतो, आणि पट्टा पिवळाच राहिला असता. तुम्ही खुर्चीत बसला असतात, नाहीतर कुणाचा हात धरून उठला असतात. का नाही बोललात? पोराची अब्रू? तुमच्या उठण्यापेक्षा ती मोठी होती? हा वाद मी रोज तुमच्याशी घालतो आणि रोज तुम्ही मान वळवून तसंच बघता.

काल मॅडमना पुन्हा फोन करून खरं सांगितलं. मी वाट पाहत होतो की शिव्या देतील. शेवटी म्हणाल्या, "अजून तीन-चार घरी मी असंच फोनवर विचारते काका. उद्यापासून स्वतः जाऊन बघते." आणि फोन ठेवला. मला माफ केलं की नाही ते बोलल्या नाहीत. ते त्यांचं कामही नाही.

एक सांगायचं राहिलं. तुम्हाला ते माहीत असेल की नाही, माहीत नाही.

तुम्हाला गावी आणलं आणि अंगणात पाटावर शेवटची आंघोळ घातली. चुलतभावांनी तुम्हाला धरलं होतं, मी पाणी ओतत होतो. वरून. तांब्या दोनदा रिकामा झाला आणि मग तो मला धरवेना. मी तो खाली ठेवला, हाताला साबण घेतला आणि तुम्हाला चोळायला लागलो. मान, खांदे, पाठ. भावांनी तुम्हाला कुशीवर वळवलं, आणि माझा तळवा तिथं गेला. सपाट झालं होतं सगळं, हाडावर नुसती गार कातडी. किळस येईल म्हणून मी दात आवळले होते. ती आली नाही. इतकं सोपं होतं ते अण्णा. कोपरापर्यंत डांबर असतानाही तुम्ही जमवायचात, तितकं सोपं.

मग मला न विचारता माझी दोन बोटं तिथं दाबली गेली, मॅडमनी शिकवलं होतं तशी. आणि मी थांबलो. भाऊ म्हणाला, "इलास, आटप, लोकं थांबल्यात." मी बोटं काढली नाहीत. तुम्ही कंबर उचलाल, ते घट्ट होईल, म्हणून मी वाट बघत होतो.

मग मॅडमनी पहिल्यांदा विचारलं तेव्हाच जे उत्तर मी द्यायला हवं होतं ते दिलं. हळूच, तुम्हालाच ऐकू जाईल असं.

"नाही होत घट्ट. पिवळाच राहू दे."